तुमच्या लोकांना समजवा, सर

नोव्हेंबर २०२२ मधली गोष्ट. आमच्या शाळेच्या फाटकाशी आरोग्य विभागाची गाडी येऊन थांबली. दोन अधिकारी, एक सिस्टर आणि गाडीवर बांधलेला भोंगा. मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतले. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे कुणी साहेब आले की दोन्ही भाषांच्या मधे मलाच उभे केले जाते. चहा झाला. मग त्यातले वरिष्ठ मला म्हणाले, "सर, तुम्ही शिकलेले आहात. जरा तुमच्या लोकांना समजवा. लस घेत नाहीत, मग मुलं जातात, आणि नाव आमचं खराब होतं."

मी मान हलवली. ती मान हलवणे मला अजून डाचते, म्हणून हे लिहितो आहे.

विषय गोवराचा होता. ऑक्टोबरअखेर गोवंडीत लहान मुले दगावली आणि बातम्या सुरू झाल्या. केंद्राचे पथक मुंबईत आले. राज्याने डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमले. भिवंडी आणि मालेगावची नावे टीव्हीवर येऊ लागली. गोवंडी, भिवंडी, मालेगाव. ही तीन नावे एका दमात घेतली की पुढचे वाक्य लोक मनातल्या मनात स्वतःच पूर्ण करतात. मला त्या वाक्याशी भांडायचे आहे. त्यात थोडे खरेही आहे, त्याकडे मी नंतर येतो.

त्याच दिवसांत माझ्या पाचवीच्या वर्गातल्या एका मुलीचा चौदा महिन्यांचा भाऊ गेला. आधी गोवर, मग न्यूमोनिया. मी ताजियतीला गेलो. तिच्या आईने न विचारताच लसीकरणाचे कार्ड आणून माझ्या हातात ठेवले, जणू मी तपासणीला आलो होतो. जन्माच्या वेळची लस होती. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांचे डोस, सगळ्यांवर तारखा होत्या. नवव्या महिन्याचा रकाना कोरा. ती म्हणाली, "दो बार गई थी मैं, सर. पहली बार बोले, चार बच्चे आने दो, तब शीशी खोलेंगे. दूसरी बार सिस्टरच नहीं थी." ती घरी कांडी भरते. लसीकरणाच्या वारी अर्धा दिवस गेला की त्या दिवसाची मजुरी अर्धी. तिसऱ्यांदा ती गेली नाही.

शीशीची गोष्ट मी नंतर एका निवृत्त सिस्टरकडून समजून घेतली. गोवर-रुबेलाची लस पावडरीच्या रूपात येते. द्रावण मिसळले की चार तासांत संपवायची, उरली तर फेकायची. एका व्हायलमधून अनेक मुलांना डोस देता येतात, म्हणून एकाच मुलासाठी ती उघडायला सिस्टर कचरते. वाया गेलेल्या डोसांबद्दल वरून विचारणा होईल अशी तिला धास्ती असते. नियम मात्र स्पष्ट आहे: एकच मूल आले तरी व्हायल उघडा. म्हणजे नियम चांगला आहे, पण तो सिस्टरला अभय देत नाही. आणि दुसऱ्या फेरीला सिस्टर का नव्हती? २०२२ च्या जून-जुलैत कोरोना लशीची 'हर घर दस्तक' मोहीम सुरू होती. तीही घरोघर फिरत होती. मी तिला दोष देत नाही. एकाच बाईला दोन साथींच्या कामाला जुंपणाऱ्यांना देतो.

त्या आईच्या दोन फेऱ्यांची नोंद कुठेच नाही. नोंद आहे ती कोऱ्या रकान्याची, आणि कोऱ्या रकान्याला साहेब 'समाजातले गैरसमज' म्हणतात.

सरकारी भाषेत 'आपत्कालीन सज्जता' असा भारदस्त शब्द आहे. तो ऐकला की आपल्याला रुग्णवाहिका, नियंत्रण कक्ष आणि जॅकेट घातलेली माणसे दिसतात. पुरासाठी, भूकंपासाठी ते ठीक आहे. पण भूकंप सांगून येत नाही, गोवर सांगून येतो. एका रुग्णापासून, लस नसलेल्या बारा ते अठरा जणांना तो होऊ शकतो. तो रोखायला शंभरातल्या पंचाण्णव मुलांना दोन्ही डोस मिळालेले असावे लागतात. दरवर्षी दहा-दहा मुले सुटत गेली की तीन-चार वर्षांत वस्तीत वाळलेले गवत साठते, ठिणगी कुठूनही पडते. किती मुले सुटली ते कळायला पुण्या-दिल्लीचे तज्ज्ञ लागत नाहीत, सिस्टरचे रजिस्टर पुरते. कोरोनाच्या काळात हे गवत जगभर साठले. २०२१ मध्ये सुमारे ४ कोटी मुलांचा गोवराच्या लशीचा डोस चुकला. ही सगळी काही आमच्या मोहल्ल्यातली नव्हती.

शहरी आरोग्य अभियानाचा निकष ५० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि १० हजारांमागे एक एएनएम सिस्टर असा आहे. आमच्या वस्तीत हा निकष कागदावरच आहे. साथ आली की मात्र दहा-दहा सिस्टर एका गल्लीत येतात. मग लोक घाबरतात, दार उघडत नाहीत, आणि त्याचा फोटो छापून येतो. एरवी वर्षभर जी बाई दारात आली असती तिला कुणी 'आपा' म्हणून आत घेतले असते.

नोव्हेंबर २०२१ मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी सांगितले होते की मुस्लिमबहुल भागांत कोरोनाच्या लशीबद्दल अजून संकोच आहे, त्यासाठी सलमान खान आणि धर्मगुरूंची मदत घेऊ. हेतूवर मी शंका घेत नाही. पण विचार करा, एखाद्या आदिवासी पाड्यावर लस पोहोचली नाही तर आपण रस्ता नाही म्हणतो, सिस्टर नाही म्हणतो. आमच्याकडे पोहोचली नाही की सिनेनट आणि मौलाना शोधायला निघतो. जणू आमच्याकडे जे काही घडते ते मजहबमुळेच घडते, मजुरीमुळे, गटारामुळे किंवा रिकाम्या पदांमुळे काही घडतच नाही.

हे जुने आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग निघाला आणि ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला. हा कायदा एकदा वाचून बघा, इवलासा आहे. सरकार कुणाची तपासणी करू शकते, न ऐकणाऱ्याला काय शिक्षा, हे त्यात आहे. औषध, खाट, परिचारिका पुरवणे हे सरकारचे कर्तव्य आहे, असे त्यात नाही. २०२० मध्ये त्यात दुरुस्ती झाली तीही आरोग्यसेवकांवर हल्ला करणाऱ्यांना शिक्षेची. ती हवीच होती. आमच्याही काही गल्ल्यांत सिस्टरांच्या अंगावर धावून जाण्याचा नालायकपणा झाला आहे. पण सव्वाशे वर्षांनी कायद्याला हात लावला तेव्हाही भर दंडावरच होता.

त्याच कायद्याच्या दिवसांत पुण्यात रँडचे गोरे शिपाई घरात शिरले. पुढे काय झाले ते मी दरवर्षी शाळेत शिकवतो, चाफेकर बंधूंच्या धड्यात मुले कान देऊन ऐकतात. ९ मार्च १८९८ ला मुंबईत मदनपुऱ्यातल्या जुलाह्यांच्या घरात प्लेगची तपासणी करायला पथक गेले आणि दंगल उसळली. कारण तेच होते, घरातल्या बायकांना परक्या पुरुषाने हात लावण्याचे. ते कुठल्याच धड्यात नाही. मी हिंसेचे गोडवे गात नाही, फक्त विचारतो. पुण्याच्या घराचा उंबरा म्हणजे अब्रू आणि मदनपुऱ्याच्या घराचा उंबरा म्हणजे मागासलेपणा, हे कुणी ठरवले?

त्याच प्लेगमध्ये दुसरीही एक गोष्ट घडली. हाफकिनने मुंबईत प्लेगची लस बनवली आणि जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. मग तरुण आगाखानांनी ती आपल्या माणसांदेखत टोचून घेतली आणि हाफकिनला प्रयोगशाळेसाठी जागाही दिली. आगाखानांचे ऐकले गेले, कारण ते प्लेग येण्याच्या आधीपासून त्या लोकांचे होते. आमच्या इमाम साहेबांना साथ आल्यावर घाईने गाडीत बसवून फिरवले, तर लोक विचारणारच की मौलाना आज सरकारी गाडीत कसे.

आता ते खरे. २७ नोव्हेंबर २०१८ ला राज्यात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम सुरू झाली, नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी, शाळांमधून. संमतीपत्रे आली ती मराठीत. आमच्या पालकांपैकी निम्म्यांना उर्दूशिवाय वाचता येत नाही. त्याच आठवड्यात एक व्हॉइस मेसेज फिरला की या इंजेक्शनने मुले-मुली पुढे वांझ होतील. आणीबाणीतल्या नसबंदीच्या आठवणी सांगणारे म्हातारे अजून आमच्यात आहेत, त्यामुळे अफवेला जमीन तयार होती. पण मेसेज बनवणारा आमचाच होता, पुढे ढकलणारेही आमचेच. माझ्या वर्गातली निम्मी मुले त्या दिवशी गैरहजर राहिली. संस्थेच्या एका विश्वस्तांनी मला बाजूला घेऊन सांगितले, सर, तुम्ही यात पडू नका. मी पडलो नाही. संमतीपत्राचा उर्दू तर्जुमा करायला मला एक रात्र पुरली असती. माझ्या बीएडच्या अभ्यासक्रमात पालक-संपर्कावर एक अख्खे प्रकरण होते आणि त्यात मला चांगले गुण होते.

त्यामुळे साहेबांना सगळा दोष देऊन मी मोकळा होत नाही. पण माझी चूक एका रात्रीच्या तर्जुम्याची होती. त्यांच्याकडे त्यानंतर चार वर्षे होती, २०१८ ची गैरहजर मुलांची यादी होती, त्या मुलांच्या घरचे पत्ते होते. त्या घरांत नंतर जन्मलेली बाळे कोण, एवढे विचारायला जरी कुणी गेले असते तरी साथ येण्याआधी निम्मे काम झाले असते.

डिसेंबरात आमच्या शाळेत जादा डोसचे शिबिर झाले. या वेळी तर्जुमा मी केला. माझ्या विद्यार्थिनीची आई सकाळी साडेनऊपासून रांगेत होती, काखेत जावेचे मूल घेऊन. सिस्टरने विचारले, "तुमचा नंबर पहिला, इतक्या लवकर का आलात?" तिने काही उत्तर दिले नाही.

शिबिर संपल्यावर मी त्या वरिष्ठ साहेबांना एक पत्र लिहिले. लसीकरण सत्राची एक वेळ यंत्रमागाच्या सुट्टीच्या दिवशी ठेवा. कार्ड आणि संमतीपत्र उर्दूतही छापा, तर्जुमा मी फुकट करून देतो. एकच मूल आले तरी व्हायल उघडण्याची लेखी सूचना केंद्राच्या भिंतीवर सिस्टरच्या डोक्यावर लावा, म्हणजे तिलाही धीर येईल आणि आईलाही वाचून दाखवता येईल. सिस्टरांच्या रिकाम्या जागा भरा. आणि साथ नसताना कधीतरी या, चहा आम्ही पाजू.

साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांच्या कार्यालयात मी तेच पत्र पुन्हा दिले. पोच मिळाली आहे.