ब्रशाचे केस कोणाचे?

घरातील लहानशा पोमेरेनियन वा ल्हासा कुत्र्यासाठी ब्रश घेताना बहुतेक जण किंमत पाहतात. श्रावकाने आधी ब्रशाचे केस कशाचे आहेत, हे विचारावे. वेष्टनावर ‘नैसर्गिक केस’ असे लिहिलेले असले, तर ते पुष्कळदा डुकराचे असतात. दिगंबर मुनींच्या पिच्छीतील मोरपिसे आपोआप गळलेली असतात. या केसांविषयी तसे म्हणता येत नाही. शिवाय असा मऊ ब्रश दाट केसांच्या मुळापर्यंत पोहोचत नाही, म्हणजे हिशेबानेही हा सौदा तोट्याचाच.

रबरी गादीवर बसवलेल्या, गोल टोकांच्या पोलादी दातांचा ब्रश घ्यावा. सोबत धातूचा कंगवा. दुकानातच तो आपल्या मनगटावर फिरवून पाहावा. आपल्याला टोचला, तर त्या मुक्या जीवालाही टोचणारच.

गुंता होतो तो कानांमागे, काखेत आणि गळपट्ट्याखाली. नेवाशाच्या शिवारात पावसाळा सरला की कुसळेही तेथेच अडकतात. गुंत्याच्या मुळाशी केस बोटांनी घट्ट धरावेत आणि टोकाकडून थोडे थोडे सोडवावेत. कातडी ताणली जात नाही. हे सारे आंघोळीपूर्वी, कारण ओला गुंता अधिक आवळतो. त्याचा नमदाच झाला असेल, तर कात्री लावू नये, तीत कातडी सापडते; पशुवैद्यांकडून यंत्राने उतरवून घ्यावा.