रडका श्याम : एका समीक्षकीय सोयीची चिकित्सा

‘श्यामची आई’ रडके, कारण श्याम रडका. आणि श्याम रडका, कारण साने गुरुजी तसे होते, ही साखळी मराठी समीक्षाव्यवहारात इतकी रुळली आहे की तिला पुरावा द्यावा असेही कोणाला वाटत नाही. संहितेच्या रूपाचा प्रश्न पात्राच्या स्वभावावर आणि पात्राचा प्रश्न लेखकाच्या प्रकृतीवर ढकलून मोकळे होणे, याला समीक्षा म्हणायचे काय?

संहिता वेगळेच सांगते. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे निवेदन ४२ रात्रींचे आहे. बोलणारा श्याम प्रौढ आहे. त्याच्यापुढे आश्रमातील श्रोते आहेत. शेवटच्या रात्रीचे शीर्षकच ‘आईचे स्मृतिश्राद्ध’ असे आहे. श्राद्ध म्हणजे एकट्याचा हुंदका नव्हे. तो अधिकार, काळ आणि साक्षी ठरलेला विधी होय. आईचे अंत्यदर्शन हुकलेला पुत्र येथे कथनाच्या रूपाने तो विधी करतो. त्याला ‘हळवेपणा’ म्हणणे हा कोटिप्रमाद आहे.

स्वभाव ही संकल्पना मी नाकारीत नाही. थॉमस आणि चेस यांनी १९५६ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेल्या अभ्यासातून बालस्वभावाचे नऊ घटक पुढे आले. प्रतिसादाची तीव्रता, जुळवून घेण्याची क्षमता इत्यादी घटक मूल ‘कसे’ वागते हे सांगतात. कोणासाठी, कोणासमोर आणि किती दिवस रडावे, हे संस्कृती ठरविते. किंबहुना स्वभावाचे वाचनही मृत्युविषयक धारणेतूनच होते. ईशान्य ब्राझीलमधील एका दरिद्री वस्तीवरील नॅन्सी शेपर-ह्यूझ यांच्या १९९२ च्या ग्रंथात निपचित अर्भकाला ‘जगायचेच नाही’ असे मानणाऱ्या आणि ते गेल्यावर न रडणाऱ्या माता भेटतात. त्या निष्ठुर स्वभावाच्या होत्या, असे लेखिका म्हणत नाही. ती उपासमारीकडे आणि बालमृत्यूंच्या नित्यतेकडे बोट दाखविते.

मग सारेच संस्कृतीच्या खाती जमा करावे काय? तसेही नाही. प्रकाश नारायण संतांच्या ‘झुंबर’मध्ये (२००२) लंपनच्या वडिलांचा मृत्यू येतो. लंपनची संवेदनप्रकृती त्या अनुभवाला तिचा खास आकार देते, हे खरेच. परंतु तेथे शोक वाटून घेणारे श्रोतृमंडळ नाही. लंपन स्वतःशीच बोलतो. ‘रडका’ आणि ‘संयत’ असा भेद करून हे दोन बालक समोरासमोर उभे केले, की निवेदनव्यूहातील हा मूलभूत फरक दिसेनासा होतो.

‘श्यामची आई’वर कठोर आक्षेप घ्यायचाच असेल, तर तो येथे घ्यावा : श्राद्धाच्या रूपात शोकाचा अधिकार पुत्राकडे जातो आणि आईचे जीवन त्याच्या घडणीची सामग्री ठरते. हा आक्षेप संहितेशी भिडतो. ‘रडका’ हे विशेषण मात्र विद्यार्थ्याला केवळ अश्रूंची लाज बाळगायला शिकविते, आणि वाचनातून त्याची सुटका करते.