शेवटचा हात कोणाचा?

कलाकृती फसली आहे हे जाणवते. पण ती नेमकी कुठे फसली, हे कसे ओळखावे? समीक्षेच्या तासाला हा प्रश्न हमखास येतो. त्याचे उत्तर आम्हाला ग्रंथालयात नव्हे, परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या एका गॅरेजात मिळाले.

२००४ चा उन्हाळा होता. आम्ही दोघे तासिका तत्त्वावर शिकवत होतो आणि एक जुनी मारुती ८०० भागीत वापरत होतो. मजुरी वाचावी म्हणून एका रविवारी तिचा कार्बुरेटर आम्हीच उघडून साफ केला. त्यानंतर गाडी सुरू होई, रस्त्यावर धावेही. मात्र गतिरोधक आला, रेसवरचा पाय निघाला, की बंद पडे. आम्ही कारणे शोधली : पेट्रोलमध्ये भेसळ, बॅटरी थकलेली, मराठवाड्याचे ऊन. यातला प्रत्येक आरोपी आमच्याबाहेरचा होता, हे तेव्हा ध्यानात आले नाही. शेवटी एक स्क्रू पिळून इंजिनाचा वेग वाढवला आणि दोष झाकून टाकला.

मिस्त्रींनी बॉनेट उघडण्याआधीच विचारले, "सर, बंद पडायच्या आधी काय खोललं होतं तुम्ही?" आम्ही म्हणालो, "विशेष काही नाही." त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. मग सांगावेच लागले. एक बारीक रबरी नळी तिच्या तोटीवर चढवायची राहून गेली होती. त्यांनी उघड्या तोटीवर बोट ठेवताच थरथरणारे इंजिन सावरले. पण उगाच गर्जूही लागले. ती गर्जना आमच्या पिळलेल्या स्क्रूची. एका चुकीवर आम्ही दुसरी चढवली होती.

यामागचा न्याय साधा आहे. इंजिन संथ फिरते तेव्हा ते हवा थोडीच घेते; त्यात फटीतून शिरलेली वाढीव हवा मिश्रण पातळ करून टाकते. वेगात तीच फट नगण्य ठरते. कित्येक कादंबऱ्यांचे असेच असते. घटनांचा वेग असतो तोवर त्या चालतात. वेग ओसरला की आतली उसवण उघडी पडते. म्हणून 'कादंबरी फसली' एवढे म्हणणे हे निदान नव्हे. ती कुठल्या स्थितीत बंद पडते, हे पाहणे म्हणजे निदान.

पाठचिकित्सेला हा 'शेवटचा हात कोणाचा' हा प्रश्न नवा नाही. आमच्या गोदाकाठीच, पैठणला, एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. नकलाकारांच्या हातून शिरलेले अपपाठ त्यांनी दूर केले. आणि पुढच्यांनी स्वतःची ओवी त्यात घुसडू नये, अशी ताकीदही दिली. मूळ ग्रंथाला बोल न लावता त्याला लागलेल्या हातांकडे पाहणे, ही ती दृष्टी.

आम्हा अध्यापकांना मात्र हाच प्रश्न सर्वांत अवघड जातो. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने तिच्या गावच्या बोलीत लिहिलेली कथा आम्हाला दाखवली होती. आम्ही ती प्रमाण भाषेत आणली, शेवट 'सूचक' केला, दोन परिच्छेद गाळले. कथा निर्जीव झाली. तेव्हा आम्ही तिला सांगितले, की अनुभव तोकडा आहे. पेट्रोलला दोष देण्यासारखेच ते होते.

परीक्षक, संपादक, मार्गदर्शक या नात्याने संहितेला हात लावणाऱ्या प्रत्येकाने निदानाआधी आपला हात दाखवला पाहिजे, असे आमचे मत आहे. मिस्त्रींनी नळी बसवून स्क्रू मागे फिरवला आणि गाडी पुढे कित्येक वर्षे चालली. त्या विद्यार्थिनीने आमच्याकडे दुसरी कथा आणली नाही.