पुढे पाठवणारे लाखो, लिहिणारे किती?

पालघरचे नाव गेल्या काही वर्षांत दोनदा देशभर गाजले. नोव्हेंबर २०१२ मध्ये दोन तरुणींच्या अटकेमुळे आणि एप्रिल २०२० मध्ये गडचिंचले येथील साधूंच्या हत्येमुळे. वरकरणी या दोन घटनांत काहीच साम्य नाही. पहिलीत निरुपद्रवी मजकुरावर कायद्याचा बडगा उगारला गेला. दुसरीत विषारी अफवा मोकाट सुटल्या असताना कायदा निद्रिस्त राहिला. परंतु दोहोंच्या मुळाशी एकच नवी शक्ती होती. कोणत्याही संपादकाच्या नजरेखालून न जाता सामान्य माणसाने लिहिलेला आणि सामान्य माणसानेच पसरवलेला शब्द, ही ती शक्ती. ती कशी हाताळावी याची शिस्त आपल्या समाजाने अजून अंगी बाणवलेली नाही आणि त्याची किंमत पालघरने मोजली आहे.

वाचक लेखक झाला

इंटरनेटचे पहिले पर्व वाचकांचे होते. मोजक्यांनी लिहावे आणि इतरांनी वाचावे, ही जुनीच रीत तेथेही चालू होती. २००१ मध्ये विकिपीडिया, २००४ मध्ये फेसबुक आणि २००५ मध्ये यूट्यूब आले आणि चित्र पालटले. २००६ साली 'टाइम' साप्ताहिकाने वर्षाची व्यक्ती म्हणून कोणा राष्ट्राध्यक्षाची नव्हे, तर 'तुम्ही' म्हणजे सामान्य वापरकर्त्याची निवड केली. मराठी माणूसही मागे नव्हता. 'मायबोली' १९९६ पासून चालू होती, मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला, पाठोपाठ 'मनोगत' आले.

त्या काळी आपल्याकडील पुरोगामी विचारवंतांनी या बदलाचे उत्साहाने स्वागत केले. ज्ञानाचे लोकशाहीकरण झाले, मक्तेदारी संपली, असे सांगितले गेले. पुढे मात्र बोईसरचा कामगार, पालघरची गृहिणी आणि डहाणूचा शिक्षकही लिहू लागला. वृत्तपत्रांच्या संपादकीय पानांना ज्या श्रद्धेचे वावडे होते, ती श्रद्धा तो निःसंकोच बोलू लागला. मग हीच मंडळी या माध्यमांना 'ट्रोलांची जत्रा' म्हणून हिणवू लागली! शिवीगाळ करणाऱ्याचे समर्थन कोणीही सुजाण माणूस करणार नाही. पण सर्वांना बोलू द्या असे म्हणायचे आणि सर्वजण बोलू लागले की कानांवर हात ठेवायचे, याला लोकशाहीप्रेम म्हणत नाहीत.

कायद्याचा आंधळा बडगा

सत्तेवरील मंडळींची प्रतिक्रिया याहून वाईट होती. माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ६६ अ घालणारी दुरुस्ती डिसेंबर २००८ मध्ये, संयुक्त पुरोगामी आघाडीच्या राजवटीत, संसदेच्या गोंधळात चर्चेविना संमत झाली. 'त्रासदायक' वाटेल असा मजकूर पाठवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास, अशी तिची भाषा. त्रासदायक म्हणजे काय, हे ठरवायचे कोणी? अर्थातच पोलीस ठाण्यातील अधिकाऱ्याने!

शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न केला, दुसरीने त्याला पसंती दिली. दोघींना अटक झाली आणि एकीच्या काकांच्या रुग्णालयाची तोडफोड झाली. बाळासाहेबांविषयी कोट्यवधी हिंदूंच्या मनात असलेला आदर एका प्रश्नाने उणावणारा नव्हता. उणावली ती कायद्याची प्रतिष्ठा. प्रकरण पुढे मिटवले गेले, वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यावर निलंबनाची कारवाई झाली आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच घटनाबाह्य ठरवले. ज्या हिंदू परंपरेत वाद, प्रतिवाद आणि खंडन-मंडन हीच ज्ञानाची रीत मानली गेली, तिच्या वारसांना या निकालाचे दुःख होण्याचे कारण नाही.

गडचिंचलेचा धडा

१६ एप्रिल २०२० च्या रात्री मात्र प्रश्न उलट्या बाजूने उभा राहिला. जुना आखाड्याचे दोन साधू आपल्या गुरूंच्या अंत्यसंस्कारासाठी कांदिवलीहून सुरतेकडे निघाले होते. टाळेबंदीमुळे आडवाटेने जात असता डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे वन विभागाच्या चौकीपाशी त्यांना अडवण्यात आले. चोर आणि मुले पळवणाऱ्या टोळ्या फिरत आहेत, या अफवा त्या परिसरात कित्येक दिवस मोबाईलवरून आणि तोंडोतोंडी पसरत होत्या. जमावाने पोलिसांच्या देखत दोन्ही साधूंना आणि त्यांच्या वाहनचालकाला ठार मारले. काही दिवसांपूर्वीच याच भागात एका डॉक्टरांच्या वाहनावर जमाव धावून गेला होता. धोक्याची घंटा वाजली होती. प्रशासनाने ती ऐकली नाही.

हे अघटितही नव्हते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षेसाठी फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना अशाच अफवेवरून ठार मारण्यात आले होते. भगव्या वस्त्राला आणि भिक्षेच्या झोळीला शतकानुशतके दारात मान देणाऱ्या महाराष्ट्रात ही वेळ यावी, यासारखी लाजिरवाणी गोष्ट दुसरी नाही. संशयाने मन भरलेल्या गावाला अतिथी ओळखू येत नाही, हेच खरे.

त्यानंतर जे घडले, तेही नीट ध्यानात घ्यावयास हवे. हल्लेखोर अमुक एका धर्माचे होते, असा निराधार मजकूर देशभर फिरला. तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी २२ एप्रिलला अटक झालेल्यांची यादी जाहीर केली आणि सारी चर्चा त्या यादीभोवती फिरत राहिली. पोलीस बघ्याची भूमिका घेऊन का उभे राहिले, आधीच्या घटनेनंतर बंदोबस्त का वाढला नाही, या अतिशय रास्त प्रश्नांना बगल देण्याची आयती सोय सरकारला मिळाली. पुढे तीन पोलीस बडतर्फ झाले. तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवण्यास राज्य सरकार तयार असल्याचे सर्वोच्च न्यायालयात सांगितले जाण्यास मात्र २०२२ उजाडले. साधूंच्या बाजूने म्हणून पसरवलेल्या असत्याने साधूंच्याच न्यायाची बाजू दुबळी केली. असत्य कोणाच्याही बाजूचे नसते!

कंपन्या यावर उपाय करतील, या भ्रमातही कोणी राहू नये. राईनपाड्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाच ठिकाणीच पाठवता येईल अशी मर्यादा घातली. वारंवार फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी जाईल, हा नियम ७ एप्रिल २०२० रोजी जाहीर झाला. त्यानंतर नवव्या दिवशी गडचिंचले घडले. यंत्राची खीळ मनाला लागत नाही.

पाठ शुद्ध करणारी परंपरा

अनेक हातांनी फिरणारा मजकूर भ्रष्ट होतो, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते आणि त्यावरचा उपायही त्यांनी करून दाखवला होता. ज्ञानेश्वरीच्या प्रती हातोहात उतरवल्या जाताना तीत पदरच्या ओव्या शिरल्या. शके १५०६ मध्ये संत एकनाथांनी उपलब्ध पोथ्या ताडून पाहून पाठ शुद्ध केला. त्यांनी प्रती उतरवण्यास बंदी घातली नाही आणि मिळेल ती प्रत प्रमाण मानून पुढेही दिली नाही. पुढे इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून दप्तरे मिळवली आणि मराठ्यांच्या इतिहासाची साधने खंडाखंडाने प्रसिद्ध केली. लोकांच्या घरातील कागद लोकांपुढे ठेवणे आणि प्रत्येक विधानाला पुरावा मागणे, ही शिस्त आपल्याला परदेशातून आणण्याची गरज नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांविषयीच्या विकिपीडियावरील मजकुरावरून महाराष्ट्र संतापला. शासनाने दखल घेतली, सायबर विभागाने नोटीस धाडली. संताप योग्यच होता. पण ज्या ज्ञानकोशात कोणालाही संदर्भासह दुरुस्ती करता येते, त्याच्या पानावर वा. सी. बेंद्रे आणि कमल गोखले यांच्या आयुष्यभराच्या संशोधनाचा आधार देऊन महाराजांची खरी प्रतिमा मांडण्यासाठी आधीच्या वीस वर्षांत आपल्यापैकी किती जण बसले? बेंद्रे यांनी नाटककारांनी रंगवलेल्या विकृत प्रतिमेचे खंडन १९६० साली चरित्रग्रंथ लिहून केले. मोकळे पडलेले शेत दुसऱ्याने पेरले, तर दोष केवळ पेरणाऱ्याचा कसा?

पालघर-बोईसरकरांचे काम

सांगण्यासारखे या भूमीपाशी किती आहे! जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तारापूरचा किल्ला घेताना बाजी भिवराव धारातीर्थी पडले. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरमध्ये काशिनाथ पागधरे, गोविंद ठाकूर, रामप्रसाद तिवारी, रामचंद्र चुरी आणि सुकुर मोरे हे पाच वीर हुतात्मा झाले. १९६९ मध्ये तारापूरला देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. त्याच्या विस्तारासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. सातपाटीच्या मच्छीमारांनी सहकार उभा केला. वारली वनवासी बांधवांचे देव, सण, औषधी आणि चित्रे तर स्वतंत्र ग्रंथांचे विषय आहेत. हे कोणी लिहावयाचे? परप्रांतातला अभ्यासक आठ दिवस येऊन लिहील, त्यावर मग आपण निषेधाचे निरोप पुढे पाठवत बसणार काय?

बोईसरच्या वसाहतींत निवृत्त अभियंते आहेत, पालघरला शिक्षक आहेत, शाखांत संगणक लीलया हाताळणारे तरुण आहेत. आठवड्यातील एक तास त्यांनी एकत्र बसून आपल्या गावाचा एक लेख पुराव्यानिशी सिद्ध करावा, वृद्धांच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात, पाड्यांची नावे नकाशावर चढवावीत. आणि घरोघरी एक साधा नियम पाळला जावा: जे मी स्वतः पडताळलेले नाही आणि ज्याखाली माझे नाव घालण्यास मी तयार नाही, ते मी पुढे पाठवणार नाही. अणुकेंद्र आणि रासायनिक कारखाने ज्यांच्या उशाशी आहेत, २०१८ पासून डहाणू-तलासरीच्या भूकंपांचे धक्के ज्यांनी अनुभवले आहेत, त्यांना हा नियम पाळण्याची निकड अधिक सांगायला नको. मध्यरात्री आलेल्या एका खोट्या निरोपाने तेथे काय अनर्थ होऊ शकतो, याची कल्पना त्यांनीच करावी.

समाज संघटित करणे म्हणजे गर्दी जमवणे नव्हे, हे संघकार्यात वाढलेल्या कोणालाही ठाऊक आहे. गर्दीला हाक पुरते, संघटनेला शिस्त लागते. एका अंगठ्याने पसरणारी अफवा गर्दीचे काम करते. स्वतःच्या नावाने, प्रमाणासह लिहिलेले एक पान संघटनेचे काम करते. नवे माध्यम दोन्हींसाठी सारखेच खुले आहे. गडचिंचलेत गेलेल्या जिवांना खरी श्रद्धांजली वाहायची असेल, तर पुढे पाठवण्यासाठी उचललेला अंगठा थांबला पाहिजे आणि लिहिणारा हात चालू लागला पाहिजे.