लग्नाची चकती जपताना

मैत्रिणींनो, आमच्या कागलात काय किंवा तुमच्या गावात काय, लग्नाच्या चित्रणाची चकती पुष्कळ घरांत कपाटात असतेच. आधी सीडी, मग डीव्हीडी आणि २००६ साली ब्लू-रे आली. आकार तोच, पण डीव्हीडीच्या एका थरात ४.७ जीबी मावतात, तर ब्लू-रेच्या थरात २५! डीव्हीडी वाचायला तांबडा लेसर लागतो, हिला निळसर-जांभळा. त्याचा झोत बारीक, म्हणून खुणाही बारीक. दाभणाऐवजी सुईने टाके घालावेत, तसंच हे.

पण जास्त मावलं म्हणजे जास्त टिकलं, असं नव्हे हं! सोनीने २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे चकत्या बनवणं थांबवलं. उद्या चकती असली आणि ती लावायला यंत्रच नसलं तर? कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२५ मध्ये काढलेला ‘सावकारी पाश’ हा मूकपटही आज पाहायला मिळत नाही.

तेव्हा यंत्र चालू आहे तोवर चित्रण हार्ड डिस्कवर उतरवून घ्या, एक प्रत माहेरी ठेवा. चकती कडेने धरा. मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसा, गोलगोल नको. सासूबाईंचा जात्यावरच्या ओव्यांचा आवाज पुन्हा विकत मिळायचा नाही!