मुलांना कित्ता गिरवू द्या

आमच्या लेकीच्या खोलीत भिंत दिसत नाही. सगळीकडे पेन्सिलनं काढलेली चित्रं, टेपनं चिकटवलेली. त्यात स्पायडरमॅन आहे, पण माझ्या ओळखीचा पीटर पार्कर नाही, तर माइल्स मोरालेस. जर्सी सिटीची कमला खान आहे, म्हणजे मार्व्हलची मिस मार्व्हल. जपानी मांगातली काही मंडळी आहेत, त्यांची नावं मला अजून धड घेता येत नाहीत. आणि या सगळ्यांच्या मधोमध लता मंगेशकर, दोन वेण्यांसकट. कारण आजी व्हिडिओ कॉलवर म्हणाली होती, "अगं, ते मुखवटेवाले पुरे झाले, एकदा लताबाई काढ की."

मागच्या वर्षी एक स्नेही जेवायला आले होते. त्यांनी भिंत बघितली, तोंडभर कौतुक केलं आणि बूट घालता घालता मला हळूच विचारलं, "छानच आहे हो, पण हे बघूनच काढलंय ना? स्वतःचं असं काही काढते की नाही?" त्यानंतर महिनाभरानं कॉलेज प्रवेशाचा सल्ला देणाऱ्या एका बाईंकडे आम्ही पैसे भरून गेलो. त्यांनी वही चाळली आणि सांगितलं, हे 'फॅन आर्ट' आहे, पोर्टफोलिओत याचा उपयोग नाही, ओरिजिनल कन्सेप्ट हवी.

आणि मी काय केलं? घरी येऊन तेच वाक्य मराठीत लेकीला ऐकवलं. "बेटा, दुसऱ्यांची चित्रं किती दिवस काढणार?" ती काही बोलली नाही. पेन्सिलींचा डबा कपाटात गेला आणि चार महिने बाहेर आला नाही. ओरिजिनल कन्सेप्टही आली नाही, हे वेगळं सांगायला नको.

आमच्या वेस्ट विंडसरची ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाच्या साधारण मध्यावरचं हे गाव, प्रिन्स्टन जंक्शन स्टेशन आमच्याच हद्दीत. इथं घर घेणारे आपले लोक बहुतेक शाळांसाठी घेतात, आम्हीही त्यातलेच. २०१५ मध्ये मुलांवरचा ताण वाढलाय म्हणून इथल्या शाळा-जिल्ह्यानं हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा बंद केल्या, काही रात्री गृहपाठ नाही असं ठरवलं. त्यावरून पालकांत दोन तट पडले. एकाला वाटलं मुलांनी सुटकेचा श्वास घेतला, दुसऱ्याला वाटलं शिक्षण पातळ केलं. वाद न्यूयॉर्क टाइम्सपर्यंत गेला. त्या वेळी इथं असतो तर मी कोणत्या तटात उभा राहिलो असतो, हे सांगायला आज थोडी लाज वाटते. अशा गावात मूल स्वतःहून, कोणी न सांगता, तासन्‌तास एखादी गोष्ट करत बसलं, तर आपला पहिला प्रश्न असतो, "याचं पुढे काय?"

गावाकडेही फार वेगळं नाही म्हणा. मी मिरजेच्या शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिल्या. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, सगळं. आता त्या परीक्षेचे दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून बरीच मुलं बसतात असं भाचा सांगतो. तिकडे गुण, इकडे पोर्टफोलिओ. चित्र आपलं मध्येच कुठेतरी.

आता 'बघून काढलं' याविषयी. लेकीची कॉमिक्स मी मुद्दाम उघडून बघितली. कॉमिकमधलं चित्र शाईच्या रेषेचं असतं, वर सपाट रंग. तिच्या चित्रात शाई नाही, रंग नाही, फक्त ग्रॅफाइट. म्हणजे उजेड कुठून पडतोय, गालाखाली सावली किती, मुखवट्याचा कापड कुठे ताणलाय आणि कुठे सैल आहे, हे तिलाच ठरवावं लागतं. टू-एचनं हलका आराखडा, मग एचबी, मग केसांच्या गर्द भागात फोर-बी, थरावर थर. बोटानं पुसलं की चित्र मळकट होतं, म्हणून कागदाची गुंडाळी करून घासायचं. कमला खानचा उजवा हात तिनं सहा वेळा खोडला, त्या जागी कागदाला लव आली आहे. ही कॉपी असेल तर कॉपी हे फार कष्टाचं काम आहे. (त्या पेन्सिलीही जर्सी सिटीच्याच. जनरल पेन्सिल कंपनी तिथं १८८९ पासून पेन्सिली बनवते. कमलाला गावची पेन्सिल मिळाली.)

आपल्याकडे याला चांगला शब्द आहे, कित्ता गिरवणं. गाणं शिकणारा शिष्य वर्षानुवर्षं गुरूची तान जशीच्या तशी घेतो, त्याला कुणी चोर म्हणत नाही, उलट तालीम चांगली झाली म्हणतात. मग चित्रातच आपण इतके कडक का होतो?

जॅक कर्बी घ्या. कॅप्टन अमेरिका, फॅन्टॅस्टिक फोर, हल्क, एक्स-मेन यांच्या निर्मात्यांपैकी एक. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला १९१७ मध्ये जन्मलेला, स्थलांतरित ज्यू कुटुंबातला, वडील कपड्यांच्या कारखान्यात कामगार. वर्तमानपत्रातली व्यंगचित्रं आणि कॉमिक्सपट्ट्या ट्रेस करत तो चित्र काढायला शिकला. जो क्यूबर्ट पोलंडमधून आलेल्या खाटकाचा मुलगा. त्यानं १९७६ मध्ये याच न्यू जर्सीतल्या डोव्हर गावी कॉमिक्स शिकवणारी शाळा काढली, ती आजही चालू आहे.

आपले आर. के. लक्ष्मण लहानपणी डेव्हिड लो या मूळच्या न्यूझीलंडच्या व्यंगचित्रकाराच्या चित्रांनी इतके भारावले होते, की ती बारकाईनं न्याहाळत बसायचे. सही मात्र 'लो' ऐवजी 'काऊ' अशी वाचायचे! पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टनं त्यांना प्रवेश नाकारला, पुरेशी गुणवत्ता नाही म्हणून. लोकांचा 'कॉमन मॅन' त्यानंतरचा. कौतुकातून हात तयार होतो, पोर्टफोलिओ बघणाऱ्याला तो ओळखता येतोच असं नाही.

दुसरी बाजूही मला दिसते. बघून काढलेलं चित्र स्वतःच्या नावावर खपवणं चूक. दुसऱ्याच्या पात्राचे प्रिंट काढून विकणं, हा तर सरळ हक्कांचा प्रश्न आहे. आणि फोटोवरून जसाच्या तसा चेहरा उतरवण्याचीच सवय लागली की हात तरबेज होतो, डोळा मात्र आळशी. हे शिक्षकानं जरूर सांगावं. पण सांगायची वेळ आणि रीत असते. सोळाव्या वर्षी, पैसे देऊन घेतलेल्या सल्ल्याच्या आवाजात, ही ती रीत नव्हे.

२०२५ च्या मार्चमध्ये आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घिबली चित्रांचा पूर आला होता, आठवतं? प्रत्येकानं आपला कुटुंबफोटो एआयला दिला आणि मिनिटभरात जपानी सिनेमातलं कुटुंब होऊन परत आला. मीही टाकला. तेव्हा "हे ओरिजिनल आहे का?" असं कुणीही विचारलं नाही, ते बूट घालता घालता प्रश्न विचारणारे स्नेहीही त्यात होते. लताबाईंच्या एका वेणीला तीन आठवडे लावणाऱ्या मुलीला मात्र आम्ही तो प्रश्न विचारला.

माझी एक साधी सूचना आहे. आपल्या मंडळांच्या गणेशोत्सवात मुलांची चित्रकला स्पर्धा असते. विषय ठरलेले: माझा गणपती, पर्यावरण, जागतिक शांती. नियम: चित्र स्वतःच्या कल्पनेतलं हवं. त्यात एक टेबल वेगळं ठेवा, 'मला आवडणारं माणूस किंवा पात्र'. खाली दोन नावं लिहायची, मूळ चित्रकाराचं आणि आपलं. बक्षीस नको. त्या नावांमुळेच मुलांना कळेल की स्पायडरमॅन कुणाच्या तरी हातून उतरलाय. आणि पालकांना आपली पोरं कुणावर जीव लावतात ते कळेल, जे आम्हाला डायनिंग टेबलवर विचारून कधी समजत नाही.

लेकीची मी माफी मागितली. तिनं "इट्स ओके, बाबा" म्हटलं, म्हणजे ते ओके नव्हतं. मग एका रविवारी मीच कागद घेऊन तिच्या शेजारी बसलो. लहानपणी मिरजेत भाड्यानं आणलेल्या इंद्रजाल कॉमिक्सवरून मी चौकटी आखून वेताळ काढायचो, इंग्रजीतला फँटम. चाळीस वर्षांनी आठवून काढला. जबडा वाकडा आला, घोडा तर गाढवासारखा. ती बराच वेळ बघत राहिली, मग फोनवर काहीतरी शोधलं आणि म्हणाली, "बाबा, कवटीची अंगठी उजव्या हातात असते. तुम्ही डाव्यात काढलीय."

डबा कपाटातून काढून तिनं खोडरबर माझ्याकडे सरकवलं.