राखेवर झाडे लावा, कड्यावर नको

छिंदवाडा मार्गाने नागपूर सोडले की कोराडीची धुराडी दिसू लागतात. येथे ६६० मेगावॉटचे तीन संच कोळसा जाळतात आणि उरलेली राख पाण्यात कालवून नळांवाटे खसाळ्याच्या बंधाऱ्यात जाते. जुलै २०२२ च्या पावसात हा बंधारा फुटला आणि राखेचा लोंढा शेतांत शिरला. उन्हाळ्यात तीच राख वाळते आणि वाऱ्यासरशी घरांत, पिकांवर येऊन बसते. ओसाड म्हणावी अशी जमीन या जिल्ह्यात कुठे असेल तर ती इथे आहे. झाडांची सगळ्यांत जास्त गरजही इथेच आहे.

पण वृक्षलागवडीचे उद्दिष्ट ठरले की सरकारची नजर भलतीकडेच जाते. राज्याने २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी झाडांचा संकल्प सोडला. एवढ्या खड्ड्यांना जागा हवी. ती गवताळ माळांवर, गायरानांवर आणि डोंगरांच्या उघड्या उतारांवर शोधली जाते, कारण तिथे झाडे दिसत नाहीत. केंद्राच्या पडीक जमिनींच्या नकाशावलीत उघड्या खडकाला स्वतंत्र वर्ग आहे, तोही पडीक म्हणूनच. या खडकावर काय जगते, हा प्रश्न त्या नकाशात कुठेच विचारलेला नाही.

त्या खडकावर शिंदळ माकुडी जगते. शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. निकोल डाल्झेल या वनाधिकारी वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६० च्या दशकात तिचे वर्णन केले आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचे नाव तिला दिले. जगात ती फक्त महाराष्ट्रात, सह्याद्रीच्या मोजक्या ठिकाणी आढळते. शिवनेरी, पुरंदर, वज्रगड आणि सज्जनगड ही त्यांतली ओळखीची नावे. रुईच्या कुळातली ही वनस्पती अंगाने मात्र वाळवंटी आहे. बोटाएवढी मांसल खोडे काळ्या कातळाच्या फटीतून खाली लोंबतात. फटीत माती असते ती चिमूटभर. पावसाळ्यात तिला पाने फुटतात आणि थंडी सरता सरता ती गळून जातात. पुढचे कोरडे महिने, तापलेल्या खडकावर, ती खोडात साठवलेल्या पाण्यावर काढते. तिच्या गटातल्या आफ्रिकेपर्यंतच्या भाऊबंदांनी पाने जवळपास टाकूनच दिली, हिने ती राखली. जगभरच्या अभ्यासकांना तिचे अप्रूप वाटते ते त्यामुळेच.

पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर तिला फुले येतात. नाण्याएवढी पाच टोकांची चांदणी, किरमिजी रंगाची, त्यावर पिवळसर खुणा आणि पाकळ्यांच्या कडांना बारीक केस. वास चांगला नसतो, पण तो माश्यांसाठी असतो आणि परागांची देवाणघेवाण त्याच करतात. माशी आली नाही तर शेंग धरत नाही. धरली तर रुईसारखे रेशमी केस असलेले बी वाऱ्यावर निघते आणि त्यातले एखादेच योग्य फटीत अडकते. भारतीय वनस्पतींच्या रेड डेटा बुकात तिची नोंद झाली, ती इतक्या मोजक्या कड्यांवर तिचे अस्तित्व अवलंबून आहे म्हणून. एक दरड कोसळली, एक वणवा पेटला किंवा एक खाण सुरू झाली, तर एखादी वस्ती कायमची संपू शकते.

निर्यातबंदीच्या २९ वनस्पतींच्या यादीत शिंदळ माकुडी आहे. तिच्याच कुळातल्या कंदीलपुष्पाच्या सगळ्या जातीही आहेत. म्हणजे कुणी ती उपटून परदेशी पाठवली तर कायदा आडवा येतो, पण ती ज्या कातळावर उभी आहे तो कातळ फोडला, तर ही यादी काही करू शकत नाही. कुंडीत वाढवून ती वाचेल, असेही मानू नये. तिचे खोड तोडून लावले की मुळे धरते आणि हौशी लोकांच्या गच्चीवर ती सुखाने नांदते. पण छाटापासून वाढलेली शंभर रोपे म्हणजे वंशाने एकच रोप. कड्यावरचा वारा, माश्या आणि बियांतून येणारे वैविध्य कुंडीत मिळत नाही.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. शिवनेरी त्यांत आहे. आता निधी येईल, पायऱ्या, कठडे होतील, तटांवरचे ‘रान’ काढले जाईल. हे काम व्हायलाच हवे. पण कोणता कडा खरवडायचा नाही आणि कुठल्या फटीत सिमेंट भरायचे नाही, हे ठरवताना पुरातत्त्व खात्याच्या शेजारी वनस्पतितज्ज्ञ बसलेला असला पाहिजे. शिवरायांच्या जन्मस्थानाच्या कड्यावर वाढणारे हे फूलही त्या वारशाचाच भाग आहे.

यात नागपूरचा संबंध काय, असे कुणी विचारील. राज्याच्या वनविभागाचे मुख्यालय नागपुरात आहे आणि जैवविविधता मंडळाचेही. निर्णय इथूनच होतात. जैवविविधता कायद्याच्या ३७व्या कलमाखाली वारसा स्थळ घोषित करता येते. गडचिरोलीतल्या आलापल्लीचे वन २०१४ मध्ये तसे घोषित झाले आणि २०२१ मध्ये आंबोलीत एका छोट्या माशासाठी तसेच पाऊल उचलले गेले. माशासाठी झाले ते फुलासाठीही होऊ शकते. मंडळाने शिंदळ माकुडीचे कडे आणि कंदीलपुष्पांचे उतार स्थानिक ग्रामपंचायतींना सोबत घेऊन या कलमाखाली आणावेत.

आणि झाडे कोराडीला द्यावीत. राखेत नत्र नाही, सेंद्रिय अंश नाही, वरचा थर घट्ट बसतो, त्यामुळे नुसते खड्डे खणून काम भागत नाही. पण नागपूरच्याच ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर आणि खापरखेड्याच्या राखेवर सेंद्रिय खत व उपयुक्त जिवाणूंच्या साह्याने हिरवळ उभी केली आहे. काम कष्टाचे आहे, खर्चिक आहे आणि छायाचित्रात ते लवकर दिसत नाही. तरीही ६६० मेगावॉटच्या आणखी दोन संचांसाठी मे २०२३ मध्ये जनसुनावणी झालेल्या या गावाला हरितपट्ट्याचे आश्वासन कागदावर नको, राखेवर हवे आहे. येत्या पावसाळ्यातील लागवडीच्या याद्या तयार होतील तेव्हा वनविभागाने त्यांतून कडे, सडे आणि गवताळ माळ वगळावेत आणि पहिल्या ओळीत खसाळ्याचा बंधारा लिहावा.